उसवावं, फाटू नये

शिवणाचा दोरा तुटणारा हवा, असं मी म्हटलं की घरातली माणसं माझ्याकडे काळजीने बघतात. सत्तरी ओलांडली की आपल्या कुठल्याही वाक्याकडे लोक वैद्यकीय नजरेने बघू लागतात. तर मंडळी, मी पूर्ण शुद्धीवर आहे, सकाळच्या गोळ्या वेळेवर घेतल्या आहेत, आणि तरीही हेच म्हणते आहे. कपड्याचा दोरा कापडापेक्षा थोडा कमजोर असला पाहिजे. 'एकदम पक्का, कधीच न तुटणारा' दोरा मागणारी गिऱ्हाइकं आणि तो कौतुकाने विकणारे दुकानदार या दोघांनी मिळून आपल्या कपाटांची वाट लावली आहे.

डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्ल्यांत किंवा ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजूला शिवणाच्या सामानाच्या दुकानात अर्धा तास उभं राहून बघा. येणारी प्रत्येक बाई पर्समधून कापडाचा तुकडा काढते, "याला मॅचिंग द्या" म्हणते आणि पुढचा प्रश्न विचारते, "पक्का आहे ना?" संपली चौकशी. कापड सुती की रेशमी की टेरिकॉट, दोरा कशाचा, किती जाड, कपडा रोज धुवायचा की वर्षातून एकदा नेसायचा, यातलं काही कुणी विचारत नाही. दुकानदारही दोन बोटांत दोरा धरून कचकन ओढून दाखवतो. नाही तुटला की गिऱ्हाईक खूश. ओढून तुटत नाही हा दोऱ्याचा गुण झाला? मग सुतळीने शिवा की ब्लाउज!

मी मराठी घेऊन बी. ए. झाले आणि आयुष्यभर मराठीच शिकवली. शिवणाचा तास माझ्याकडे आला तो केवळ 'बाई आहेत, येत असेलच' या न्यायाने. येत होतं, हा भाग वेगळा. पण त्या कार्यानुभवाच्या तासाला मुलींना मी सगळ्यात आधी दोन क्रियापदं शिकवायचे. उसवणं आणि फाटणं. आपल्या भाषेने हे दोन शब्द उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. उसवते ती शिवण, फाटतं ते कापड. उसवलं तर सुई घ्या, पाच मिनिटांत टाके घाला, कुणाला कळणारही नाही. फाटलं तर रफू करा नाहीतर ठिगळ लावा, आणि ते जन्मभर दिसत राहील. शिवणीवर ताण आला की दोरा आणि कापड यांतल्या एकाला माघार घ्यावीच लागते. ती कुणी घ्यावी? चार पैशांच्या दोऱ्याने, की चार हजारांच्या साडीने?

पक्क्या दोऱ्याचे भक्त इथे म्हणतात की कुणीच माघार घ्यायला नको, दोन्ही मजबूत असू द्या. नव्या कपड्याला हे ठीक आहे. पण कापड म्हातारं होतं. सुती कापड धुण्याने, उन्हाने, घामाने विरत जातं. पॉलिएस्टरचा दोरा त्या मानाने फारसा थकत नाही. दहा वर्षांनी परिस्थिती अशी येते की शिवणीच्या रेषेवर सुईने पाडलेली भोकं, त्यांत तसाच ताठ बसलेला दोरा आणि दोन्ही बाजूंना जाळीदार झालेलं कापड. पोस्टाच्या तिकिटाला कडेला भोकं कशासाठी पाडतात? नीट फाटावं म्हणून. तसाच मग तुमचा टू बाय टू रुबियाचा ब्लाउज मुंढ्यापाशी फाटतो. शिवण मात्र शाबूत! दोरा किती पक्का होता बघा, म्हणून कौतुक करा आता.

गोधडी बघा. आमच्या आईच्या पिढीने जुन्या नऊवारींच्या गोधड्या शिवल्या त्या सुती दोऱ्याने, धावदोरा घालून. कापड विरलेलं, मऊ, त्याला साजेसा मऊ दोरा. दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी दोरा तुटायचा, दुपारी बसून पुन्हा भरायचा. अशी गोधडी तीस-तीस वर्षं टिकली. हल्ली हौसेने आजीच्या साडीची गोधडी करून घेतात आणि मशिनवर जाड पॉलिएस्टरने चौकटी मारतात. सुरुवातीला सुबक दिसते. पण आधीच विरलेल्या कापडावर ती ताठ टीप म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पैलवानाने हाताला धरून रस्ता ओलांडवावा तसं आहे.

न तुटणारा दोरा हा गुण नव्हे, हे खरं तर आपल्याला आकाशाकडे बघून केव्हाच कळायला हवं होतं. सुती मांजाने पतंग काटले जायचे. हातही कापायचे, नाही असं नाही, पण कुठे अडकला तर दोरा तुटायचा. नायलॉनचा मांजा आला तो न तुटणारा म्हणूनच खपला, आणि झाडांवर अडकलेल्या पक्ष्यांचे पंख आणि स्कूटरवरच्या माणसांचे गळे कापत सुटला. शेवटी २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर देशभर बंदी घातली. ब्लाउजच्या दोऱ्याने कुणाचा गळा कापत नाही हे कबूल. तत्त्व मात्र तेच.

आता यावर माझ्या पुण्याच्या वहिनीचा प्रश्न तयार असेल, कारण ती हे वाचता वाचताच फोन उचलते. "म्हणजे स्वस्तातला कुठलाही दोरा चालेल ना?" नाही वहिनी! कमजोर दोरा आणि वाईट दोरा यांत, साधा माणूस आणि लबाड माणूस यांच्याइतकाच फरक आहे. चांगला दोरा कापडापेक्षा कमी ताकदीचा असेल, पण पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत सारखा असतो. वाईट दोरा एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी केसासारखा, मध्येच गाठ, अंगावर लव. अशा दोऱ्याची शिवण सगळीकडे सारखी कमजोर नसते. ती बेभरवशाची असते, आणि ते कमजोरीपेक्षा वाईट. शिवाय त्याची लव मशिनच्या बॉबिनपाशी साठते, टाका सुटतो, टीप कधी सैल तर कधी आवळलेली. मशिनमध्ये दोऱ्याचा एकेक इंच टाक्यात जाऊन बसण्याआधी सुईच्या भोकातून कितीतरी वेळा वर-खाली घासला जातो. वाईट दोरा तिथेच निम्मा मरतो.

आणि हा वाईट दोरा येतो कुठून? मला खरा राग आहे तो इथे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई पंचवीस-तीस वर्षं ब्लाउज शिवतात, फॉल-बीडिंग करतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. अर्ध्या डोंबिवलीची लग्नं त्यांच्या मशिनवरून गेली आहेत. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक हातात ब्लाउज नाचवत आलं, बाहीची शिवण गेली होती. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात "तुमचं काम हल्ली बिघडलंय" म्हणून झालं. बाईंनी काही न बोलता तो फुकट शिवून दिला. पण याच गिऱ्हाइकाने शिलाईत पन्नास रुपये कमी करून घेतले होते, आणि "दोरा, हूक, अस्तर सगळं त्यातच" अशी अट घातली होती, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. मग बाईंनी ते पन्नास रुपये काढायचे कुठून? हूक मोजून लागतात. अस्तर दिसतं. एकच गोष्ट अशी आहे जी गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि जिच्यात काटकसर करता येते. दोरा. मग उल्हासनगरहून बिननावाचे मोठे कोन येतात, वजनावर घेतलेले.

हिशेब सांगते. एका पुरुषी शर्टाला साधारण शंभर-सव्वाशे मीटर दोरा लागतो. चांगल्या नावाचा दोरा, वर्धमान म्हणा, मोदी म्हणा, कोट्स म्हणा, मोठ्या कोनाच्या भावाने घेतला तर मीटरला काही पैसेच पडतात. बिननावाचा दोरा आणि हा, यांतला फरक एका कपड्यामागे कटिंग चहाइतकाही होत नाही. त्या चहासाठी आपण हजारांचं कापड आणि एका बाईचं तीस वर्षांचं नाव पणाला लावतो. दोऱ्याचे पैसे वेगळे द्या, आणि कुठला वापरायचा ते बोला. बाईही दचकतात आधी, कारण आजवर कुणी विचारलेलं नसतं. मग खुलतात. कुठल्या दोऱ्याने मशीन कसं वागतं हे त्यांच्याइतकं दुकानदाराला काय कळणार?

मी सुताची भक्त आहे असा समज होत असेल तर तोही दूर करते. शाळेचा गणवेश टेरिकॉटचा. त्याला सुती दोरा म्हणजे मूर्खपणा. धुतल्यावर सुती दोरा आटतो, टेरिकॉट आटत नाही, आणि शिवणभर चुण्या पडतात. शिवाय आठवीतली मुलं मधल्या सुट्टीत काय काय करतात ते मी बघितलं आहे. तिथे पॉलिएस्टरच हवा, आणि पॅंटला मागे दोन टिपा. लेगिंग, टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या होजिअरीला ताणला जाणारा दोरा हवा, सुती तिथे पहिल्याच दिवशी कटकन तुटेल. जीन्सला जाड दोरा, कारण कापडच जाड. आणि बाळाच्या झोळीचे बंद, दप्तराचे पट्टे, जिथे तुटलं तर माणूस पडेल किंवा पाठ मोडेल, तिथे मिळेल तितका पक्का घ्या, माझी काही तक्रार नाही. कापड आणि वापर बघून दोरा ठरवायचा एवढंच म्हणणं आहे. रंग त्यानंतर.

सुती दोऱ्याची एक गंमत तर फार जणांना माहीत नसते. सुती ड्रेस जुना झाला की काहीजणी तो गडद रंगवून घेतात. कापड छान काळंभोर होतं आणि टिपा पांढऱ्याच्या पांढऱ्या! कारण टिपा पॉलिएस्टरच्या, त्यांना सुताचा रंग चढत नाही. शिवतानाच सुती दोरा असता तर दोघे एकदम काळे झाले असते.

इंटरलॉकबद्दल थोडं. आपल्याकडे सगळे इंटरलॉक म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते, इंग्रजी पुस्तकांत नाव वेगळं आहे. साध्या मशिनच्या एक मीटर टिपेला अडीच-तीन मीटर दोरा जातो. तीन दोऱ्यांच्या इंटरलॉकला त्याच एका मीटरला चौदा मीटरच्या आसपास! साहजिकच सगळ्यात रद्दी दोरा तिथे जातो, 'आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय' म्हणून. पण आतली बाजू म्हणजे अंगाकडची बाजू. लहान मुलांच्या कमरेवर, बगलेत ज्या लाल रेघा उठतात त्या पुष्कळदा कापडाच्या नसतात, या खरखरीत दोऱ्याच्या असतात. इंटरलॉकला खाली लूपरमध्ये फुगीर, लोकरीसारखा मऊ दोरा घालता येतो, तो कडेवर पसरून बसतो आणि टोचत नाही. सुईत बारीक आणि सरळ दोरा. ओझं तसं फारसं नसतं त्याच्यावर, कड धरून ठेवायची एवढंच काम. तिथे जाडजूड पक्का दोरा घालणं म्हणजे दाराच्या पडद्याला जहाजाचा दोर बांधणं.

आणि इंटरलॉकच्या मशिनला पाती असते. ती शिवता शिवता बाजूचं कापड छाटत जाते. आपल्या शिवणात त्या बाजूच्या जास्तीच्या कापडाला काय म्हणतात? माया. (इतकी वर्षं मराठी शिकवली, पण या शब्दाच्या जवळ जाईल असा दुसरा शब्द मला कुठल्या परिभाषाकोशात सापडलेला नाही.) मुलगी वाढेल, अंग भरेल, ब्लाउज धाकटीला जाईल, म्हणून शिवणीत माया ठेवायची. तयार कपड्यांत ती पाव इंचही उरत नाही. पक्का दोरा आणि छाटलेली माया, अशा कपड्याला उसवून मोठा करायची सोयच नाही. उसवायला बसलात तर टाका निघत नाही, कापडच ओढलं जातं, आणि निघाला तरी आत काही नाही. म्हणून चांगला कपडा दोन वर्षांत जुन्या कपड्यांच्या पिशवीत जातो. तुटणारा दोरा मी मागते त्याचं अर्धं कारण हे आहे. शिवण ही कधीतरी उसवायची असते.

आता भरतकाम. हल्ली कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं पेव फुटलं आहे, ब्लाउजच्या पाठीवर मोरांशिवाय लग्न लागत नाही. तिथे वाद रेयॉन की पॉलिएस्टर असा आहे. आणि आपण कल्याण-डोंबिवलीच्या लोकांनी तर रेयॉनबद्दल अडाणी राहणं बरं नव्हे. कल्याणच्या पुढच्याच स्टेशनवर, शहाडला, सेंच्युरी रेयॉन आहे. त्याच्या पुढे आंबिवलीला उतरलं की मोहन्याची एन. आर. सी. होती, ती २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो घरं उघडी पडली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील या दोन कारखान्यांत होते. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखं चमकणारं सूत तिथे निघायचं, शहाडला आजही निघतं, आणि भरतकामाचा रेयॉनचा दोरा बनतो तो अशाच सुतापासून.

रेयॉनची चमक ओली, मऊ. पॉलिएस्टरची चमक मला नेहमी नव्या स्टीलच्या ताटासारखी वाटते. पण रेयॉन पाण्यात भिजला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्याने उतरते आणि ब्लीच त्याला सोसत नाही. तेव्हा वर्षातून दोनदा घालायच्या रेशमी ब्लाउजवर रेयॉन, आणि रोज घासून धुवायच्या शाळेच्या बिल्ल्यावर, नॅपकिनवर पॉलिएस्टर. यात वाद घालण्यासारखं काय आहे? पण भरतकामाची दुकानं एकच पेटी ठेवतात, पॉलिएस्टरची, कारण मशीन भरधाव चालवलं तरी तो तुटत नाही. सोय त्यांची, आणि मऊ कापडावर पत्र्यासारखा ताठ मोर आपल्या पाठीवर. खालच्या बॉबिनला तरी बारीक दोरा घाला म्हणावं, निम्मा ताठपणा तिथेच कमी होतो.

पण या सगळ्यांहून मोठा गुन्हेगार म्हणजे तंगूस. मासे पकडायचा तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. 'दिसत नाही, सगळ्या रंगांना चालतो' म्हणून काही ठिकाणी फॉल लावायला तो वापरतात. म्हणजे मॅचिंगची कटकटच मिटली! हा दोरा टाचेला टोचतो, जरा गरम इस्त्री लागली की वितळतो, आणि कधी तुटत नाही. चालताना जोडवं अडकलं, चपलेखाली काठ आला, की फॉल सुटायला हवा. सुती एकेरी दोऱ्याने हातशिलाई केली असेल तर टाका तुटतो, फॉल लोंबतो, घरी येऊन लावून टाका. तंगूस असेल तर तो रेशमाचे धागे कापत जातो. पैठणीचा काठ एकदा असा चिरला की येवल्याचा विणकरही त्याला काही करू शकत नाही.

दुकानात काय बघायचं ते थोडक्यात. कोनाच्या पोटातला कागद वाचा. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, अपूर्णांकातल्या छेदासारखं. रोजच्या शिवणाला १२० नंबरचा पुरतो. हातभर दोरा उजेडासमोर धरा, लव आणि गाठी दिसतील. टोक जाळून बघा, दुकानदार ओरडला तर बाहेर येऊन जाळा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो. गडद लाल आणि काळा असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालावर घासा. आणि मॅचिंग करायचंच तर अख्खं रीळ कापडावर ठेवू नका, एक पदर सोडवून आडवा टाका, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको, पायरीवर येऊन दिवसाच्या उजेडात. दोन छटांमध्ये अडलात तर गडद घ्या.

एवढं वाचूनही "पक्का आहे ना?" असंच विचारणारे नातेवाईक मला आहेत, हे मी जाणून आहे.

वहिनी, तुझी निळी पैठणी माझ्याकडे आली त्याला आठवडा झाला. फॉल तंगूसानेच लावलेला होता. काल दुपारी चष्मा लावून एकेक टाका कापून काढला, दोन तास लागले, काठाला डाव्या बाजूला बोटभर लागलंय पण वर निऱ्यांत जाईल. नवा सुती फॉल रात्रीपासून बादलीत भिजतो आहे, म्हणजे जो काही आटायचा तो आधीच आटेल. आज वाळवून इस्त्री करते आणि उद्यापासून लावायला घेते. दोऱ्याचे पैसे मागणार नाही, पण तळमजल्यावरच्या बाईंनी निळ्या दोऱ्याचं रीळ त्यांच्याकडचं दिलं आहे, त्यांचे मात्र येशील तेव्हा दे.